प्रज्ञाला ऐकू आलं होतं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, कदाचित सांगितलं असतं — पण हे घडलं तेव्हा तिला जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि घरात तिसरं माणूस कधी नव्हतंच. मित्र होते, पण ते सेटवरचे; काम सुटलं तसे तेही सुटले. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही ते एका परीने बरंच. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्या तोंडाकडे बघत सांगावं लागतं, आणि माणसांच्या तोंडाकडे टक लावून बघण्याची मला अलीकडे वाईट सवय लागली आहे. ती का लागली, तेही ओघात येईलच.

मी साउंड रेकॉर्डिस्ट. टीव्हीवरच्या मालिकेत सासू बोलते, सून हुंदके देते, कुणीतरी दार आपटून निघून जातं — ते सगळं टिपणारा माणूस. शेवटी नावं धावतात त्यात माझंही असायचं. इतक्या वेगाने जायचं की सुलभाला ते एकदाही धड वाचता आलं नाही. "आलं... गेलं!" म्हणायची आणि हसायची. घोडबंदर रोडला, चेण्याच्या बाजूला, बंगले आणि गोदामं भाड्याने घेऊन मालिकांचे सेट लावतात. ते जवळ पडावेत म्हणूनच आम्ही गिरगावातली खोली विकून भाईंदरला जेसल पार्कमध्ये आलो. नातेवाईक म्हणाले, एवढ्या लांब कशाला? सुलभा म्हणाली, लांब म्हणजे कुणापासून? मला तिचं ते उत्तर तेव्हा फार आवडलं होतं.

आमच्या कामाची एक रीत आहे. ती आधी सांगायला हवी, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला नीट कळणार नाही. शॉट संपला की दिग्दर्शक आधी कॅमेऱ्याला विचारतो आणि मग आम्हाला — "साउंड?" आम्ही म्हणायचं "ओके", किंवा "वन मोर". बस, एवढंच. आता सेटवर पन्नासेक माणसं असतात आणि त्यातल्या प्रत्येकाची चूक बाकीच्यांना दिसते. लाइट चुकला, दिसतो. साडीची पिन निघाली, दिसते. आवाज मात्र हेडफोन लावलेल्या माणसालाच ऐकू येतो. म्हणून त्याच्या शब्दाला कुणी पुरावा मागत नाही. तो ओके म्हणाला की ओके. आणि "वन मोर" म्हणायला छाती लागते हो — रडून रडून थकलेल्या नटीला परत रडायला लावायचं, जेवणाची सुट्टी पुढे ढकलायची, सगळ्या युनिटच्या शिव्या खायच्या. मी खायचो. खडूस माणूस, पण कान पक्के, अशी माझी ख्याती होती. त्या ख्यातीवर मी आयुष्य काढलं.

मग कान गेले.

म्हणजे एकदम नाही. तसं झालं असतं तर लपवता आलं नसतं. वरचे, बारीक आवाज तेवढे गेले. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, गाड्यांचे हॉर्न तर नको तितके ऐकू यायचे. भाईंदरमध्ये चिमण्या उरल्या नाहीत असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. खाडीकडच्या कट्ट्यावर बसून त्यावर भाषणच ठोकायचो — टॉवर, काँक्रीट, वगैरे. एकदा घरी तेच सुरू केलं तर सुलभा म्हणाली, "अहो, ही काय समोर ग्रिलवर बसून कलकलाट करतेय!" मी बघितलं. चोच हलत होती. मी म्हटलं, "हो, एखाददुसरी असते." आणि विषय बदलला.

पुढे ती आजारी पडली. ताप मोजायचा तो नवा थर्मामीटर असतो ना, झाला की वाजणारा? मी तो तिच्या काखेत धरून बसलोय — बसलोय — आणि ती थकल्या आवाजात म्हणते, "कधीचा वाजला हो तो." तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं, आणि त्या दिवसांत आम्हाला बोलायला दुसरे विषय होते. ती गेल्यावर मी ठाण्याला, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी, कान तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वरचे आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. कानाला मशीन लावा, बोलणं स्पष्ट होईल. मशीन लावलेला साउंड रेकॉर्डिस्ट! तुम्ही चष्मा लावलेला ड्रायव्हर चालवून घ्याल, पण हे?

मी सेट सोडले. सगळ्यांना सांगितलं, आता नव्या मुलांना घडवायचंय. काय कौतुक झालं माझं! अनुभवी माणसांनी असंच करायला हवं म्हणाले. हे पहिलं खोटं, आणि त्याला टाळ्या मिळाल्या.

केबिन रोडला, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, जिग्नेशभाईंचं ट्रेनिंग सेंटर आहे. आधी तिथे कॉम्प्युटरचे क्लास चालायचे. मग त्यांच्या ध्यानात आलं की हाकेच्या अंतरावर एवढे सेट आहेत आणि शिकलेली माणसं मिळत नाहीत म्हणून सगळे रडतायत. आमच्या वेळी शिकणं म्हणजे केबल गुंडाळायच्या, शिव्या खायच्या आणि उस्तादाचं लक्ष नसताना बघून घ्यायचं. आता कोर्स असतो, परीक्षा असते, बाहेरून परीक्षक येतात, सर्टिफिकेट मिळतं. मला हे मनापासून पटतं, खोटं नाही सांगत. उस्तादाच्या मर्जीवर कुणाचं पोट असू नये. हे वाक्य मी पालकांच्या सभेत बोललोय.

आणि मी चांगलं शिकवायचो. बूम, म्हणजे टोकाला माइक लावलेली लांब काठी, खांदे न दुखता कशी धरायची. साडीत माइक कुठे लपवायचा म्हणजे पदर घासत नाही. सेटवरचा फ्रिज घुमतो म्हणून बंद करायचा, तर आपल्या गाडीची किल्ली आत ठेवून बंद करायचा — म्हणजे पॅकअपनंतर तो परत चालू करायला विसरत नाही. मुलं हसायची आणि लक्षात ठेवायची. ज्या गोष्टींना कान लागत नाही त्या मी फार रंगवून शिकवल्या. जिथे कान लागायचा तिथे मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचो. किंवा प्रज्ञाकडे.

प्रज्ञा. आता तिच्याकडे यायलाच हवं.

पदवी होऊन घरी बसलेली मुलगी. वडील एका शाळेत प्रयोगशाळा सहायक, मूळचे नांदेडकडचे. प्रवेशाच्या दिवशी तेही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी "जयभीम सर" म्हटलं, मी "नमस्कार, नमस्कार" म्हटलं आणि खुर्ची पुढे केली. मुलीला नोकरी लागेल ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कान चांगले असतील तर कुणी अडवू शकत नाही.

कान! असे कान मी उभ्या आयुष्यात बघितले नाहीत. एकदा वर्गात मधेच म्हणाली, "सर, खालच्या दुकानातला एसी आत्ता बंद झाला." कुणाला पटलं नाही. मी एका मुलाला खाली पाठवलं, तर खरंच दुकानदाराने नुकताच बंद केला होता. सगळे हसले, तीही हसली. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. पण भीतीचा मी उपयोग करून घेतला. तिला मी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवायला लागलो. मुलांनी रेकॉर्ड केलेलं ऐकताना काही खटकलं की तिची डावी भुवई वर जायची, तिच्याही नकळत. ती गेली की मी म्हणायचो, "थांबा. इथे काय चुकलंय? सांगा बघू." मुलं म्हणायची, सरांचे कान म्हणजे कमाल आहे. तिच्या भुवईवर मी वर्ग चालवत होतो, आणि तिला वाटायचं सर आपल्याला जवळ बसवतात म्हणजे आपलं कौतुक आहे. तिने घरी तसं सांगितलंही होतं. वडिलांनी मला फोन करून आभार मानले.

मग चेण्याचा दिवस आला.

तिथल्या एका मालिकेचा रेकॉर्डिस्ट लग्नासाठी गावी गेला होता, आणि मी एक दिवस येईन का असा फोन आला. मी नाही म्हणायला हवं होतं. का नाही म्हटलं? खरं सांगू — फोन आला हेच मोठं वाटलं. सुलभा गेल्यावर माझा फोन वाजायचा तो कुरिअरवाल्यांचा. शिवाय जिग्नेशभाई मागे लागले. "सर, त्यांना असिस्टंट पण पाहिजे. आपली प्रज्ञा घेऊन जा ना. दिवस चांगला गेला तर तिचं काम पक्कं." त्यांचं गणित बरोबर होतं. एक दिवस तिने बूम धरायची, मी रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसायचं, आणि तिला नोकरी. मशीनवरच्या, आवाजाबरोबर हलणाऱ्या सुया बघत निभावून नेऊ असं मला वाटलं. बाकी तिची भुवई होतीच.

पण सेटवर भुवई दिसत नाही. बूम धरणारा असतो कॅमेऱ्याच्या पलीकडे, अंधारात, पाठमोरा.

मालिकेतली आई मुलाच्या फोटोपुढे रडते, असा शॉट होता; त्यासाठी एक नवा लाइट आणून लावला होता. नटी जुनी, कसलेली. तिने असं काही केलं की चहा देणारा स्पॉटदादासुद्धा ट्रे घेऊन थबकला. कट झाला. सगळे खूश. दिग्दर्शकाने विचारलं, "साउंड?" माझ्या सुया जागेवर होत्या. मी म्हटलं, "ओके."

आणि अंधारातून प्रज्ञाचा आवाज आला, "सर, नाही. बारीक शिट्टी येतेय."

असिस्टंटने असं मोठ्याने बोलायचं नसतं. पण ते मीच शिकवलं होतं तिला — ऐकू आलं तर थांबवायचं, समोर कुणी का असेना. सगळे वळले. मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि डोळे मिटले. ऐकल्यासारखं केलं. आत काही नव्हतं. नटीचा श्वास होता, कुणाची तरी चप्पल सरकली ती होती, आणि वर — जिथे ती शिट्टी असायला हवी होती तिथे — काहीच नव्हतं, रिकाम्या खोलीत उभं राहिल्यासारखं.

मी काय करू शकत होतो? सोपं होतं. "बघून घेऊ" म्हणायचं आणि एकेक लाइट बंद करून तिलाच विचारायचं, आता? आता? पाच मिनिटांचं काम. माझे कान झाकूनसुद्धा हे करता आलं असतं! पण त्या वेळी माझ्या मनात एकच आलं — दिग्दर्शक विचारेल, कुठे आहे शिट्टी, दाखवा. आणि मी तिथे उभा असेन, आयुष्यभराची ख्याती घेऊन, न ऐकू येणारा आवाज शोधत.

मी म्हटलं, "काही नाहीये."

"सर, खरंच आहे. त्या नव्या लाइटकडून येतेय."

दिग्दर्शकाच्या कानावर साधे हेडफोन होते, त्यांत संवादांपलीकडे काही पोचत नाही. तो वैतागला. "दादा, है कि नहीं है?"

आणि मी हसलो. हे मला सगळ्यात जास्त आठवतं. रागावलो असतो तर एक वेळ ठीक होतं. मी हसलो आणि म्हणालो, "नई है. उसके कान में ही बज रहा है."

सगळं युनिट हसलं. लाइटवाला सगळ्यात मोठ्याने. नटीसुद्धा डोळे पुसता पुसता हसली.  पॅकअपपर्यंत प्रज्ञाने बूम धरली, आणि प्रत्येक शॉटनंतर गप्प राहिली.

तिच्या जागी माझ्या ओळखीतला, माझ्यासारख्याच घरातला एखादा मुलगा असता तर मी तसाच हसलो असतो का? मुलगी होती म्हणून सोपं गेलं? की तिच्या वडिलांच्या जयभीमला मी नमस्कार म्हटलं होतं, तिथूनच काहीतरी सोपं झालं होतं? मला माहीत नाही. म्हणजे — माहीत करून घ्यायचं मी टाळतोय.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरला माणूस, होतं असं. थांबा. मीही स्वतःला तेच सांगत होतो, घरी पोचेपर्यंत.

दिवसाच्या रेकॉर्डिंगची एक प्रत सोबत आणायची माझी जुनी सवय. संध्याकाळी चहा ठेवला आणि ती कॉम्प्युटरला लावली. आवाज ऐकता येत नसला तरी बघता येतो, माहीत आहे का? पडद्यावर त्याचं चित्र उमटतं — खाली जाड आवाज, वर बारीक. नटीचं बोलणं खालच्या बाजूला ढगांसारखं पसरलं होतं. आणि वर, पार वर, एक रेघ. पट्टी घेऊन मारल्यासारखी सरळ. ज्या शॉटआधी तो नवा लाइट लावला तिथून सुरू, आणि लाइट काढला तिथे बंद. मी आवाज वाढवला. वाढवत गेलो, इतका की शेजारच्या वहिनींनी दार वाजवलं, "काका, सब ठीक है ना?" मी म्हटलं, हो हो, काम चाललंय. मला तेव्हाही ती शिट्टी ऐकू आली नाही. त्यांना दारातून आली असणार, कारण त्यांनी कानावर हात ठेवला होता.

म्हणजे त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. महिन्यांनी नाही, वर्षांनी नाही. चहा गार व्हायच्या आत.

ती रेघ मालिकेच्या एडिटिंगवाल्यांनी दोन क्लिकमध्ये पुसून टाकली असेल. कुणाचा फोन आला नाही, तक्रार आली नाही. भाग टीव्हीवर लागला तो मी पाहिला. नटी छान रडली होती. जगाच्या दृष्टीने काही बिघडलंच नाही. बिघडलं ते एका मुलीच्या डोक्यात.

दुसऱ्या दिवशी तिला सांगायचं मी ठरवलं होतं. देवाशपथ ठरवलं होतं. दाढी करताना वाक्यं जुळवली — प्रज्ञा, काल तुझं बरोबर होतं. पुढचं वाक्य अवघड होतं, कारण त्यात माझे कान येत होते. म्हटलं, तेवढं टाळून सांगू. लाइटचा दोष होता, मला उशिरा लक्षात आलं, असं काहीतरी.

मी सेंटरवर पोचलो तर ती आधीच येऊन थांबली होती. जिन्यात. मला बघून उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, सॉरी. कालचं माझंच चुकलं. मी तुम्हाला सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. घरी पंखा कुरकुरतो ना रात्रभर, त्याचाच आवाज कानात राहिला असेल."

बघा, किती सोपं करून दिलं तिने. तिने माझ्या वतीने स्पष्टीकरणसुद्धा शोधून आणलं होतं. आणि मी काय केलं? मी तिची माफी घेतली. तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हटलं, "होतं असं सुरुवातीला. शिकशील." जुळवलेली वाक्यं मी गिळली, आणि खरं सांगतो — मला हलकं वाटलं.

त्यानंतर तिची भुवई वर जायची थांबली.

ती माझ्या शेजारीच बसायची. रेकॉर्डिंग लागलं की मी तिच्याकडे बघायचो आणि ती माझ्याकडे. तिला बघायचं असायचं की सरांना काही खटकतंय का. मला काही कळायचं नाही म्हणून माझा चेहरा कोरा. तो कोरा म्हणून तिचाही कोरा. एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेली दोन माणसं आणि दोघांनाही ऐकू येत नाही — मला माझ्या कानांमुळे, तिला माझ्यामुळे. मुलांच्या चुका राहून जायला लागल्या. एक मुलगा म्हणाला, सर, यात घरघर आहे ना? मी प्रज्ञाला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना सर." पूर्वी ती कधी असं म्हणत नसे.

परीक्षेला बाहेरून एक तरुण परीक्षक बाई आल्या होत्या. पद्धत अशी — दोन मुलांनी छोटा प्रसंग करायचा, परीक्षार्थीने हेडफोन लावून रेकॉर्ड करायचा, आणि शेवटी बाई सेटवरच्या रीतीने विचारणार, "साउंड?" प्रत्येक वेळी त्या खोलीत काहीतरी लपवून ठेवायच्या. कुणाला टिकटिकणारं घड्याळ, कुणाला मागच्या खोलीतला पंखा. ओळखून "वन मोर" म्हणायचं आणि कारण सांगायचं. शिकवणाऱ्याने भिंतीला खुर्ची लावून गप्प बसायचं. मी बसलो होतो. चेण्याच्या युनिटची जागा अजून रिकामी होती, आणि जिग्नेशभाईंनी त्यांना परीक्षा झाली की मुलगी पाठवतो असं सांगून ठेवलं होतं.

प्रज्ञाचा नंबर आला. प्रसंग झाला. आणि मधेच मी बघितलं — तिची भुवई वर गेली. किती दिवसांनी! तिने कान थोडासा खिडकीच्या पडद्याकडे वळवला. तिला ऐकू येत होतं. मला काही येत नव्हतं, म्हणजे आवाज बारीक होता, तसलाच. हे सगळं मला तिच्या चेहऱ्यावर वाचता आलं. पाटीवर लिहिल्यासारखं.

"साउंड?" बाईंनी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं.

मला मान हलवायची नव्हती. परीक्षेत तशी खूण करणं गैर, हे मलाही कळतं. पण मी नुसतं तिच्याकडे बघत राहिलो असतो तरी चाललं असतं. डोळ्यात एवढंच असायला हवं होतं की पोरी, तुला जे ऐकू येतंय ते सांग. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही. कारण तिने आत्ता "शिट्टी" म्हटलं, आणि ती खरी निघाली, तर तिला चेणं आठवणार. ती मुलगी काही मूर्ख नाही. दोन आणि दोन तिथल्या तिथे जुळले असते. मी खाली बघितलं. बुटांकडे. आणि माझ्या ओठांवर, मला वाटतं, तेच हसू आलं असावं.

"ओके," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो मॅडम. ओके."

बाईंनी पडदा सरकवला. मागे मोबाइलचा एक स्वस्तातला चार्जर लावलेला होता. त्या म्हणाल्या, हा चिरचिरतो. तरुण कानांना ऐकू यायला हवं. मुलांनी एकेक करून कान लावला आणि हो हो म्हणाली. प्रज्ञाने लावला नाही. मीही लावला नाही.

ती त्या भागात नापास झाली. चेण्याची जागा दुसऱ्या मुलाला मिळाली; बरा आहे तो, करतोय काम. परीक्षा परत देता येते. जिग्नेशभाईंनी दोनदा फोन केला, फेरपरीक्षेची अर्धी फीसुद्धा नको म्हणाले. ती म्हणाली, "नको सर, मला नाही जमणार ते." वडील मला एकदा स्टेशनबाहेर भेटले. "तुम्ही फार मेहनत घेतली सर तिच्यावर," म्हणाले. मी म्हटलं, नशीब.

हे मी तुम्हाला का सांगतोय? मन हलकं व्हावं म्हणून नाही. हलकं होणं काय असतं ते मी त्या जिन्यात एकदा अनुभवलंय. तिला सांगितलंत का, असं तुम्ही विचाराल. नाही. मी अजून शिकवतो का? हो. मशीन घेतलं का? घेतलं — घरात लावतो, एकटा असताना. सकाळी ग्रिलवर चिमण्या असतात, पुष्कळ असतात. ऐकतो आणि बाहेर पडताना काढून डबीत ठेवतो.

आता फक्त एक राहिलं. मघापासून मी जे सांगतोय ते हे एक सांगायला लागू नये म्हणून सांगतोय, असंही असेल.

गेल्या महिन्यात केबिन रोडला ती भेटली. तयार कपड्यांच्या दुकानात काम करते, बाहेर येऊन पुतळ्याला ओढणी नीट करत होती. मला बघून लगेच पुढे आली, वाकून नमस्कार करायला लागली, मी अडवलं. मी कसा आहे, जेवणाचं काय करतो, डबा लावलाय का — सगळं विचारलं तिने. एवढं मला वर्षात कुणी विचारलं नव्हतं. मग थोडी घुटमळली. म्हणाली, "सर, तुम्हाला एक विचारायचं होतं. मी कान दाखवून आले डॉक्टरांना. ते म्हणाले, एकदम छान आहेत, काहीच प्रॉब्लेम नाही." मी म्हटलं, अरे वा. ती म्हणाली, "परीक्षेतला तो चार्जर खरा होता, सगळ्यांना आला; पण चेण्याला तर तुम्हालाही काही आलं नव्हतं — मग मला ऐकू आलं ते काय होतं? आता घरीपण येतं कधीकधी. टीव्हीतून येतं, चार्जरमधून येतं. आईला येत नाही, पप्पांना येत नाही. मी सांगायचंच सोडून दिलं. गाणीपण ऐकत नाही आता. कान चांगले आहेत — मग मला भास होतात का सर?"

रस्त्यावर गोंगाट होता. रिक्षा, फेरीवाले, कुणाचा तरी स्पीकर. पण तिचा आवाज जाडसर आहे, तो मला पूर्ण येतो. मी ऐकलं नाही, असं म्हणायची सोय नाही. तिने विचारलेला एकेक शब्द मला ऐकू आला होता, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

मी म्हटलं, "असेल. होतं काहींना."

तिने मान हलवली. "हो ना," म्हणाली, "मलापण तसंच वाटलं." मग आतून कुणीतरी हाक मारली, ती मला ऐकू आली नाही, तिला आली. "येते सर, काळजी घ्या," म्हणून ती दुकानात गेली.